बुटांच्या खोक्यातली मतदारयादी

पॅसाडीना, कॅलिफोर्निया
रविवार, २१ जून १९६४

तीर्थरूप अण्णा आणि तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी बाळचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

तुमचे ८ तारखेचे पत्र परवा हाती आले. पंडितजी गेल्याची बातमी आली त्या दुपारी कऱ्हाडातली दुकाने कोणी न सांगता कशी बंद झाली आणि संध्याकाळी प्रीतिसंगमावर माणसे एकमेकांशी न बोलता किती वेळ बसून होती, हे वाचताना मी खोलीचे दार लावून घेतले. त्या दिवसाविषयी मला पुढे लिहायचेच आहे. त्याआधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो. रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहू पाहणाऱ्या बॅरी गोल्डवॉटर या सिनेटरांना वर्तमानपत्रे अविचारी आणि युद्धखोर म्हणतात, त्यांच्याच पक्षातले वजनदार लोक त्यांच्या विरुद्ध आहेत, मग कॅलिफोर्नियासारख्या शिकल्यासवरल्या राज्यात त्यांना मते दिली कोणी, असे तुम्ही विचारले आहे. मते कोणी दिली ते मी जवळून पाहिले आहे, कारण देणाऱ्यांपैकी एक माझ्या घरमालकीणबाई आहेत, आणि मार्चपासूनची ही सारी निवडणूक मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहत आलो आहे.

एक योगायोग तुमच्याही लक्षात आला असेल. ज्या २ जूनला दिल्लीत काँग्रेसच्या संसदीय पक्षाने लालबहादूर शास्त्रींची नेता म्हणून निवड केली, त्याच २ जूनला येथे रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांनी आपला कौल दिला. आपल्याकडे काँग्रेसाध्यक्ष कामराजांनी खासदारांची आणि मुख्यमंत्र्यांची मते आजमावली आणि ज्या नावावर सर्वांचे जुळेल ते पुढे केले. देश इतक्या दुःखात असताना ते शांतपणे पार पडले याचा मला अभिमान वाटला. येथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरतो तो पक्षाच्या महाअधिवेशनात. त्यासाठी प्रत्येक राज्य आपले प्रतिनिधी पाठवते. काही राज्यांत ते प्रतिनिधी पक्षाचे सामान्य मतदार प्रत्यक्ष मतदान करून ठरवतात, त्या मतदानाला ‘प्रायमरी’ म्हणतात. पण बहुतेक राज्यांत ते आधी गल्लीच्या, मग जिल्ह्याच्या, मग राज्याच्या बैठकांतून ठरत जातात. कॅलिफोर्नियात प्रायमरी असते आणि जो जिंकेल त्याला राज्याचे सगळेच्या सगळे ८६ प्रतिनिधी मिळतात. म्हणून २ जूनकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते.

आता टेबलाकडे येतो. घरमालकीणबाईंचे यजमान विमानाच्या कारखान्यात जोडारी आहेत. दोघेही मूळचे नेब्रास्कातल्या शेतकरी घरांतले, लढाईच्या दिवसांत कामधंद्यासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. बाई कधी कोणत्या पक्षाच्या पदाधिकारी नव्हत्या, सभेत बोलल्या नाहीत, निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. मार्च महिन्यात एका संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून परतलो तेव्हा त्यांच्यासमोर बुटांचे एक रिकामे खोके होते आणि त्यात त्या जाड कागदाची कापलेली कार्डे रस्त्यांच्या क्रमाने लावत होत्या. एका घराला एक कार्ड. त्यावर मतदारांची नावे, ते पक्षाचे नोंदलेले मतदार आहेत की नाहीत, घरी कोणत्या वेळी भेटतात, दारात कुत्रा आहे का, आजारी म्हातारे माणूस आहे का, मतदानाच्या दिवशी मोटारीने न्यावे लागेल का, आणि शेवटी पेन्सिलीने एक खूण: आपला, त्यांचा, अजून ठरलेले नाही. पेन्सिलीने अशासाठी की खूण बदलता यावी. मतदानाच्या सर्वांत लहान विभागाला येथे ‘प्रिसिंक्ट’ म्हणतात. आपल्या आळीएवढा तो असतो. बाईंच्या वाट्याला असा एक विभाग आला होता, आणि तो त्यांनी मे अखेरीपर्यंत तीन वेळा पायी पालथा घातला.

या सगळ्यातली मला सर्वांत आश्चर्याची वाटणारी गोष्ट अशी की, ज्या माणसासाठी हे चालले होते त्याने ते मागितलेलेच नव्हते. चार वर्षांपूर्वी, १९६० च्या जुलैत शिकागोच्या अधिवेशनात काही राज्यांच्या प्रतिनिधींनी गोल्डवॉटर यांचे नाव पुढे आणले, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरून ते मागे घेतले आणि निक्सन यांच्यासाठी काम करा म्हणून सांगितले. त्याच भाषणात ते म्हणाले होते, “कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींनो, आता मोठे होऊ या. हा पक्ष परत आपल्या हाती घ्यायचा असेल, आणि एक दिवस तो घेता येईल असे मला वाटते, तर कामाला लागू या.” ऐकणाऱ्यांनी ते शब्दशः घेतले. १९६१ च्या ऑक्टोबरात क्लिफ्टन व्हाइट नावाच्या न्यूयॉर्कच्या एका कसलेल्या संघटकाने वीस-बावीस जणांना शिकागोत जमवले आणि देशाचा नकाशा पुढे ठेवून कोणत्या राज्यात प्रतिनिधी कसे निवडले जातात याचा अभ्यास सुरू केला. मोठ्या पुढाऱ्यांना ज्या गल्लीतल्या बैठकांना जायला वेळ नसतो, त्या बैठकांत आपली दहा माणसे वेळेवर जाऊन बसली की राज्य हाती येते, हे त्यांनी ओळखले. १९६३ च्या एप्रिलात टेक्सासचे पीटर ओडॉनेल यांच्या अध्यक्षतेखाली गोल्डवॉटर यांना उभे करण्यासाठीची समिती वॉशिंग्टनमध्ये उघडपणे जाहीर झाली. त्या वेळी गोल्डवॉटर काय म्हणाले? वेळ त्यांचा, पैसा त्यांचा; माझी मात्र मदत मिळणार नाही, एवढेच. तरीही त्या ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सुटीत आणि भर उन्हाळ्यात, निरनिराळ्या राज्यांतून बसगाड्या भरभरून हजारो माणसे वॉशिंग्टनच्या आर्मरी सभागृहात जमली. नको म्हणणाऱ्या माणसासाठी लोकांनी स्वतःच्या खर्चाने एवढा प्रवास करावा, हे मला तरी नवीन होते.

नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. गोल्डवॉटर आणि केनेडी हे विरोधक असले तरी सिनेटमधल्या दिवसांपासूनचे स्नेही होते, आणि केनेडींशी समोरासमोर लढण्याची गोल्डवॉटर यांना खरी उमेद होती. ती लढतच उरली नाही म्हटल्यावर त्यांनी उभे न राहण्याचा विचार केला होता, असे सांगतात. बाई म्हणतात की त्या डिसेंबरात त्यांनी गोल्डवॉटर यांना पत्र लिहिले आणि पाकिटात एक डॉलर घातला. अशी पत्रे देशभरातून गेली. अखेर ३ जानेवारीला आपल्या ॲरिझोनातल्या घराच्या अंगणात, पाय प्लास्टरमध्ये असताना, त्यांनी उमेदवारी जाहीर केली.

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाला आपली वर्तमानपत्रे ‘पुराणमतवादी’ म्हणतात, पण त्या शब्दाने तुमच्या डोळ्यांसमोर शेंडी आणि सोवळे येईल, आणि येथे तसे काही नाही. या लोकांचे म्हणणे असे की, केंद्र सरकार फार वाढले आहे; कर, खर्च आणि हुकूम तिन्ही कमी झाले पाहिजेत; राज्यांचे अधिकार राज्यांना आणि माणसाचे निर्णय माणसाला परत मिळाले पाहिजेत; आणि कम्युनिस्ट रशियाशी समझोता न करता त्याच्यावर मात केली पाहिजे. आपल्याकडे राजाजी आणि मिनू मसानी यांचा ‘स्वतंत्र’ पक्ष जे बोलतो त्याच्याशी पहिला भाग पुष्कळ जुळतो. गोल्डवॉटर यांनी हे सारे ‘द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’ या लहानशा पुस्तकात १९६० साली मांडले, आणि ते लाखोंनी खपले. बाईंची प्रत चर्चमधल्या एका मैत्रिणीकडून आली, आणि ती आता इतकी हाताळली गेली आहे की पाने दोऱ्याने बांधून ठेवावी लागतात. मी ते दोन रात्रींत वाचले. त्यातला परराष्ट्र मदतीविरुद्धचा भाग वाचताना आपल्या रेशनच्या दुकानातला अमेरिकन गहू डोळ्यांसमोर आला आणि मी अस्वस्थ झालो. पण भाषा साधी आणि सरळ आहे, आणि वाचणाऱ्याला ‘हे मलाही वाटत होते, फक्त कोणी म्हणत नव्हते’ असे वाटावे अशी आहे. मला वाटते, सगळ्या उत्साहाचे मूळ तिथे आहे. या लोकांची पहिली तक्रार करांची नाही. आपल्याला कोणी विचारत नाही, ही आहे. उमेदवार न्यूयॉर्कच्या बड्या लोकांनी ठरवायचा आणि आपण दर चार वर्षांनी त्याला निमूट मत द्यायचे, असे कित्येक वर्षे चालले आहे, असे ते मनापासून मानतात. इलिनॉयमधल्या फिलिस श्लाफ्ली नावाच्या गृहिणीने या वसंतात नेमके हेच सांगणारे एक पुस्तक स्वतः छापून काढले. पाऊण डॉलर किमतीचे ते पुस्तक बाईंच्या व्हरांड्यात खोक्यांनी येऊन पडत होते आणि दोन दिवसांत खोकी रिकामी होत होती.

आईला सांगा की या प्रचाराचा खरा कणा म्हणजे आपल्या हळदीकुंकवासारखे कॉफीपान. सकाळी दहाला पुरुष कामावर आणि मुले शाळेत गेली की एका घरी आळीतल्या दहा-बारा बायका जमतात. यजमानीण केक करते, कॉफी ओतते, आणि मग कोणीतरी पुस्तकातला एखादा उतारा वाचते किंवा ध्वनिमुद्रित भाषण लावते. जाताना प्रत्येकीने पुढच्या आठवड्यात आपल्या घरी असेच बोलावणे करायचे कबूल करायचे. ना सभागृहाचे भाडे, ना मंडप, ना ध्वनिक्षेपक. मार्चमध्ये उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवर यावे म्हणून मतदारांच्या सह्या गोळा करायच्या होत्या. कायद्याने लागत होत्या त्याच्या कितीतरी पट सह्या या बायकांनी आणि त्यांच्या मुलांनी पहिल्या एक-दोन दिवसांतच आणून दिल्या. समोरच्या उमेदवाराला त्यासाठी माणसे पगारावर नेमावी लागली.

मोटारींच्या मागे एक पट्टी चिकटवलेली असते, ती पाहून रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला पहिल्यांदा फार गंमत वाटली: तीवर ‘ए-यू’ आणि ‘एच-टू-ओ’ एवढीच अक्षरे असतात. ‘ए-यू’ हे सोन्याचे चिन्ह, ‘एच-टू-ओ’ म्हणजे पाणी. गोल्ड आणि वॉटर. बाईंना त्यातले सोन्याचे चिन्ह लॅटिन ‘ऑरम’वरून आले आहे हे मी सांगितले, तर दुसऱ्या दिवशी कॉफीपानात त्यांनी ते सर्वांना सांगितले.

एक मात्र नमूद केले पाहिजे की लोकांच्या उत्स्फूर्ततेचा मक्ता काही यांच्याकडेच नाही. १० मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये पहिली प्रायमरी झाली, तेथे दक्षिण व्हिएतनाममधल्या सायगॉनला राजदूत असलेले हेन्री कॅबट लॉज, मतपत्रिकेवर नाव नसताना, केवळ मतदारांनी हाताने नाव लिहून निवडून आले आणि गोल्डवॉटर दुसरे आले. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी मात्र खोके पुन्हा टेबलावर होते.

कॅलिफोर्नियातली लढत न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्याशी होती. त्यांच्याकडे पैसा होता, व्यावसायिक प्रचारक होते, आणि मेच्या मध्यात ते शेजारचे ऑरेगॉन जिंकून आले होते. त्यांची पत्रके घराघरांत येत. हायड्रोजन बाँब असलेल्या खोलीत तुम्हाला कोण बसलेला हवा, असा प्रश्न त्यांत विचारलेला असे. हा प्रश्न अगदीच आधाराविना नव्हता. २४ मे रोजी टेलिव्हिजनवरच्या मुलाखतीत गोल्डवॉटर व्हिएतनामच्या जंगलांविषयी बोलले आणि कमी शक्तीच्या अण्वस्त्रांनी झाडांची पाने उडवता येतील असा विचार मांडला गेल्याचे त्यांनी सांगितले. तसे करावे असे नव्हे, अशी पुस्तीही जोडली. पण जो मनुष्य राष्ट्राध्यक्ष होऊ पाहतो त्याच्या तोंडी असे वाक्य अर्धेही येऊ नये. हे मी बाईंना स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, “तो मनात येईल ते बोलतो, म्हणूनच आमचा त्याच्यावर विश्वास आहे.” येथे आमचे मतभेद संपू शकत नव्हते आणि संपले नाहीत. ३० मेला रॉकफेलर यांना पुत्र झाला. एरवी ही आनंदाची गोष्ट, पण त्यांचा घटस्फोट आणि वर्षभरापूर्वीचा दुसरा विवाह यांची आठवण मतदानाच्या तोंडावर सर्वांना पुन्हा झाली. चर्चमध्ये जाणाऱ्या कुटुंबांवर त्याचा परिणाम झाला असे सगळेच म्हणतात. मी आमच्या आळीत तरी तो पाहिला.

मतदानाच्या दिवशी बाई पहाटे चारला उठल्या. मी परदेशी, मला या प्रचारात भाग घेणे शोभले नसते आणि मला तो घ्यायचाही नव्हता. पण सँडविचांचे डबे मोटारीत ठेवायला मी मदत केली. मतदान केंद्राबाहेर मत देऊन गेलेल्यांच्या याद्या ठरावीक वेळाने लावल्या जातात. बाईंची बारा वर्षांची मुलगी सायकलवर जाऊन त्या पाहून येई, बाई खोक्यातली कार्डे वेगळी काढत आणि जे अजून गेले नसतील त्यांना फोन करत. एका घरी तान्हे मूल होते, तेथे एक मैत्रीण जाऊन मूल घेऊन बसली आणि आईला मतदानाला पाठवले. रात्री निकाल लागला: गोल्डवॉटर यांना ११ लाख २० हजारांवर मते, रॉकफेलर यांना साडेदहा लाखांच्या जवळपास, फरक ६८ हजारांचा. उत्तरेकडचा बराच मुलूख रॉकफेलर यांच्याकडे गेला, आणि तो फरक भरून काढला तो आमच्या लॉस एंजेलिस परगण्याने, ऑरेंजने आणि सॅन डिएगोने, म्हणजे याच खोक्यांच्या मुलखाने. वर्तमानपत्रे म्हणतात की नशिबाने जिंकले. ज्याने ती कार्डे पाहिली आहेत त्याला असे म्हणता येणार नाही.

आता २७ मेविषयी. सकाळी रेडिओवर बातमी ऐकून मी खोलीत बसून होतो. प्रयोगशाळेत गेलो नाही. दहाच्या सुमारास दार वाजले. बाई पावाची ताजी लादी आणि कॉफीचे भांडे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मते पंडितजी अर्धे कम्युनिस्टच होते, हे मला त्यांच्या बोलण्यातून पूर्वी कळलेले होते. त्या दिवशी त्यातले एक अक्षर त्यांनी काढले नाही. “तुझ्या घरी या वेळी काय करत असतील?” एवढे विचारून त्या बसल्या, आणि मी तुमच्याविषयी, १९४२ विषयी, तुम्ही सोलापूरच्या सभेत पंडितजींना ऐकल्याविषयी बोलत राहिलो. त्यांचे त्या दिवशीचे कॉफीपान ठरलेले होते, मतदानाला सहा दिवस उरले होते. त्यांनी ते रद्द केले. हे मी विसरणार नाही.

म्हणूनच पुढचे लिहायला जड जाते. मी तुम्हाला पूर्वी कळवले नव्हते. येथे आलो तेव्हा खोली मिळेपर्यंत मला तीन घरांतून परत पाठवले गेले. फोनवर खोली रिकामी असे, मी दारात उभा राहिलो की ती नुकतीच भाड्याने गेलेली असे. चौथे दार या बाईंचे. त्यांनी माझ्या रंगाकडे न पाहता भाडे, चुलीचे नियम आणि अंघोळीच्या वेळा सांगितल्या. आणि गेल्या हिवाळ्यात याच बाईंनी, घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्णभेद करू नये असा जो कायदा या राज्याने गेल्या वर्षी केला, तो रद्द करण्यासाठी सार्वमत घ्यावे या अर्जावर सही केली. नोव्हेंबरात त्यावर मतदान होणार आहे. त्यांचे म्हणणे असे की, “माझे घर कोणाला द्यायचे ते मी ठरवीन. सरकारने मला चांगले वागायला भाग पाडू नये. मी आपण होऊन वागेन.” त्या वागल्या, हे मी स्वतः जाणतो. पण तिन्ही घरचे लोकही याच तत्त्वाने आपापले दार लावून घेत होते. मी प्रथमच त्यांना त्या तीन दारांविषयी सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की त्या घरवाल्यांनी तसे करायला नको होते. अण्णा, तुम्ही आपल्या विहिरीवरच्या सत्याग्रहाच्या वेळी वाड्यातल्या म्हाताऱ्यांना जे म्हणाला होता ते मला आठवले: ज्याला पाणी मिळत नाही त्याने तुमच्या मनाच्या चांगुलपणाची वाट किती पिढ्या पाहायची?

परवा, १९ जूनला, नागरी हक्कांचे विधेयक सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाले. हॉटेलात, दुकानात, नोकरीत नीग्रो माणसाला केवळ वर्णामुळे नाकारता येणार नाही, असे ते सांगते. गोल्डवॉटर यांनी विरोधात मत दिले. रिपब्लिकन सिनेटरांपैकी विरोध करणारे सहाच होते. आदल्या दिवशीच्या भाषणात, आपण वर्णभेदाच्या विरुद्ध आहोत, पण हॉटेले-दुकाने आणि नोकऱ्या यांविषयीची कलमे राज्यघटनेला धरून नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्यांनी १९५७ आणि १९६० ची नागरी हक्क विधेयके उचलून धरली होती, आपल्या राज्याच्या हवाई तुकडीत काळ्या-गोऱ्यांना एकत्र आणले होते. दुसऱ्या महायुद्धात ते मालवाहू विमाने घेऊन हिंदुस्थानापर्यंत येत असत. म्हणून त्यांच्या मनात द्वेष आहे असे मी म्हणणार नाही. तरी मत ते मतच. दक्षिणेतल्या ज्या लोकांना हा भेद राहायलाच हवा आहे, ते त्यांच्यामागे आता कोणत्या कारणाने गोळा होतील हे समजायला फार हुशारी लागत नाही. उत्साहाच्या कडेला दुसरीही माणसे आहेत. एका संध्याकाळी व्हरांड्यात बसलेले एक गृहस्थ जॉन बर्च सोसायटीचे होते. माजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरसुद्धा कम्युनिस्टांचे हस्तक होते, असे त्या संस्थेचे संस्थापक लिहून बसले आहेत. हे गृहस्थ तावातावाने बोलत असता बाईंनी विषय बदलला, पण त्यांना घराबाहेर काढले नाही, कारण ते त्यांच्या विभागातली चाळीस घरे सांभाळतात. मला हे चुकीचे वाटले, आणि ते मी त्यांना सांगितले.

१३ जुलैपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या काऊ पॅलेसमध्ये अधिवेशन भरते आहे. उमेदवारीला ६५५ प्रतिनिधी लागतात आणि तेवढे गोल्डवॉटर यांच्याकडे जवळजवळ आहेत असे सर्व जाणकार धरून चालले आहेत. पेन्सिल्व्हेनियाचे गव्हर्नर स्क्रँटन १२ जूनला विरोधात उतरले, परंतु त्यांना फार उशीर झाला. गल्लीतल्या बैठका मार्च-एप्रिलातच होऊन गेल्या. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यापुढे गोल्डवॉटर टिकणार नाहीत असा माझा अंदाज आहे, आणि खरे सांगायचे तर ते टिकू नयेत अशी माझी इच्छाही आहे. मात्र हरल्यावर ही माणसे घरी बसतील असे जे प्राध्यापक मंडळी म्हणतात, ते मला पटत नाही. ती पगारावर आलेली नाहीत, तेव्हा पगार थांबला म्हणून जाणारही नाहीत.

काल रात्री बाईंना मी आपल्या १९५७ च्या निवडणुकीची गोष्ट सांगितली. संयुक्त महाराष्ट्र समितीसाठी तुम्ही शाळा सुटल्यावर मसूर-उंब्रजपर्यंत सायकलीने जात होता, आई भाकरी बांधून देत होती, आणि यशवंतराव निवडून आले तरी समितीच्या उमेदवाराने त्यांना त्यांच्याच गावात किती थोडक्या मतांवर आणून ठेवले होते, हे सर्व सांगितले. “मग हरल्यावर तुझ्या वडिलांनी काय केले?” असे त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि संध्याकाळी समितीच्या बैठकीला, असे मी सांगितले, आणि तीन वर्षांनी महाराष्ट्र झाला हेही सांगितले. त्या टेबलाशी हात जोडून ऐकत होत्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला देता आले नाही. गावोगावच्या मतदारांची नोंद तुम्ही कशी ठेवत होता? कार्डे होती की वही होती, घर आपले की दुसऱ्यांचे याची खूण कशी करत होता, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्या घरी काय नेऊन देत होता? हे सविस्तर लिहा. मी त्यांना इंग्रजीत वाचून दाखवीन. १२ जुलैला त्या मैत्रिणींबरोबर मोटारीने सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहेत, तेव्हा त्याआधी उत्तर पोचले तर बरे.

ती. काकांना व काकूंना नमस्कार, ताईला व मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
बाळ